आधी वायर, मग टॉवर, डिश सगळ्यात शेवटी: सीमाभागातल्या गावात इंटरनेट आणताना

बेळगाव सीमाभागात घरावर उपग्रह इंटरनेटची डिश बसवायचं मनात असेल तर कंपनीचा प्लॅन बघण्याआधी हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल काढून बघा. नेहमीच्या आकाराची डिश आणि तिचा राउटर मिळून ७५ ते १०० वॅट खातात, तेही चोवीस तास. डिशला आकाशातला उपग्रह सतत धरून ठेवावा लागतो, म्हणून कुणी नेट वापरत नसलं तरी मीटर पळत राहतो. ७५ वॅट धरले तरी महिन्याला ५४ युनिट झाली. कर्नाटकच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत आपला हक्क २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के इतकाच असतो. (सरासरी ४८ च्या आत असेल तर वर १० युनिट.) सरासरी ६० असलेल्या घराला ६६ युनिट फुकट. डिश लागली की वापर ११४ वर जातो आणि वरच्या ४८ युनिटांचे पैसे खिशातून. एकूण वापर २०० च्या पुढं गेला तर त्या महिन्याचं सगळंच बिल भरायचं. याउलट फायबरचा मॉडेम, म्हणजे ओएनटी, १० वॅटच्या आसपास असतो. महिन्याला जेमतेम ७ युनिट. घराबाहेर लावायचा ४जी राउटरही साधारण तेवढाच.

हा झाला घरातला हिशेब. आपल्या ग्रिडवर युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे डिशचे महिन्याला ३८ किलो. आकाशातला हिशेब याहून वेगळा आहे. साधारण ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या या उपग्रहांचं आयुष्य पाचेक वर्षांचं धरलेलं असतं, त्यानंतर ते मुद्दाम खाली आणून वातावरणात जाळतात. एकट्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे ८ हजारांवर उपग्रह वर आहेत. पाच वर्षांनी भागलं तर रोज चार-पाच जळणार आणि तेवढेच नवे चढवावे लागणार. साधारण २५० किलोचा एक उपग्रह जळला की ३० किलोच्या आसपास ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी तयार होते, असं २०२४ च्या एका अभ्यासानं मांडलं. ही भुकटी ओझोनच्या थराला मारक ठरू शकते, आणि ती खाली यायला कित्येक वर्षं लागतात. विमानातून केलेली मोजमापं २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थितांबरातल्या, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या पट्ट्यातल्या, सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत यानांतून आलेले धातू सापडले. शिवाय हे उपग्रह वर नेणारं फाल्कन-९ सारखं रॉकेट केरोसीनवर चालतं आणि त्याची काजळी थेट त्या उंचीवर जाते, जिथं पाऊस ती धुऊन काढत नाही.

सगळेच उपग्रह असे नाहीत. भारताचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये वर गेला, ४८ जीबीपीएस क्षमतेचा आणि १४ वर्षांच्या आयुष्याचा, आणि तो एकटाच सगळा देश बघतो. पण तो ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथून सिग्नल जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ खातो. ऑनलाइन अर्ज, पहाणी (जमिनीचा उतारा), बँक यांना चालेल, व्हिडिओ कॉलवर मात्र बोलणं एकमेकांवर आदळतं.

म्हणून क्रम असा धरा: फायबर येतं का ते आधी बघा. नाही आलं तर टॉवरचा सिग्नल उंचावरून पकडा. गावात नेट आहे पण वस्तीवर नाही, अशी स्थिती असेल तर दोन रेडिओंचा दुवा टाका. यातलं काहीच जमलं नाही तर डिश, आणि तीही घरटी एक नको. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या सपाट ऊसपट्ट्यात पहिल्या दोन पायऱ्यांतच काम होतं. खरी ओढाताण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी, जांबोटी, हेम्मडगा आणि भीमगड अभयारण्यातल्या गावांत.

फायबर

ग्रामपंचायतीत जाऊन भारतनेटची, म्हणजे पंचायतीपर्यंत फायबर आणणाऱ्या सरकारी योजनेची, पेटी कुठं आहे ते विचारा आणि डोळ्यांनी बघा. पेटी भिंतीवर असणं वेगळं आणि तिचे दिवे हिरवे असणं वेगळं. बंद असेल तर कारण बहुतेक दोनच: बॅटरी मेलेली, किंवा रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं केबल तोडलेली. पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) लेखी तक्रार द्या, अर्ज कन्नडमध्ये असला तर पुढं लवकर सरकतो. त्यावर पोच घ्या. सोबत बीएसएनएलचा स्थानिक भागीदार आणि गावातला केबलवाला या दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तुमचा जवळचा स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक शाखा करणारी डबी) कुठं आहे आणि त्यात मोकळं पोर्ट आहे का? एकट्या घरासाठी दोन किलोमीटर वायर कुणी ओढत नाही. आठ-दहा घरांची नावं, फोन नंबर आणि खांबांची संख्या लिहिलेला कागद हातात असला की बोलणं बदलतं.

जोडणी झाली की स्पीड बघून समाधान मानू नका, प्रकाशाची ताकद मोजून घ्या. ती ओएनटीच्या पानावर दिसते किंवा तंत्रज्ञाच्या मीटरवर. हिशेब सोपा आहे. एक्स्चेंजकडून सुमारे +३ डीबीएम निघतो (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, वाटेतली घट डीबीत मोजतात). ४ किलोमीटर फायबरचे १.४, एक-ते-आठ स्प्लिटरचे १०.५, पुढच्या एक-ते-चारचे ७.२, चार कनेक्टरांचे १.२ आणि सहा सांध्यांचे ०.६, असे मिळून जवळपास २१ डीबी जातात. घरात -१८ च्या आसपास यायला हवं. मीटर -२६ दाखवत असेल तर आठ डीबी वाटेत कुठंतरी सांडलेत. आज नेट चालेल, पहिल्या गारठ्यात किंवा वाऱ्यात लाल दिवा लागेल. -२७ च्या खाली बहुतेक ओएनटी तग धरत नाहीत.

सांडतं कुठं? सगळ्यात आधी कनेक्टरच्या टोकावर. बोट लागलं, धूळ बसली की एक-दोन डीबी सहज जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा, शर्टाचं टोक नको. दुसरं, हिरवं टोक निळ्या खाचेत घातलेलं. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. दोन्ही बसतात, पण जुळत नाहीत. तिसरं, दाराच्या चौकटीत दाबलेली किंवा खिळ्याला काटकोनात वळवलेली वायर. वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको.

वायर निवडताना आत पोलादी तार असलेली घेऊ नका, प्लॅस्टिक-काचेच्या दांडीची घ्या. पोलादी तार वीज पडली की ती घरात आणून सोडते आणि हेस्कॉमच्या तारेला चिकटली तर जिवावर बेतते. त्यांच्या खांबावरून न्यायची तर परवानगी काढा. रस्ता ओलांडताना साडेपाच मीटर उंची ठेवा, नाहीतर कारखान्याला जाणारी उसाची पहिली ट्रॉली ती घेऊन जाईल. ऊसपट्ट्यात आणखी एक शत्रू म्हणजे पाचट. फडाच्या कडेनं खाली लोंबणारी वायर पाचट पेटवलं की वितळते आणि मग पन्नास मीटरचा तुकडा बदलावा लागतो. बांधावरून नेणं टाळा, नाहीच टळलं तर फडाच्या बाजूला उंच खांब घ्या. दर चार-पाच खांबांमागे दहा मीटर वायर गुंडाळून ठेवा. झाड पडून तुटली की ती ओढून सांधता येते, नवा तुकडा घालावा लागत नाही.

भीमगडच्या हद्दीत नवा चर खणायला वनखात्याची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. तिथं असलेल्या खांबांवरून वायर जाते का एवढंच बघा. तेही नसेल तर पुढच्या पायरीवर या.

टॉवरचा सिग्नल उंचावरून

घरात रेंज नाही म्हणजे गावात रेंज नाही, असं नव्हे. मोबाइलमध्ये नेटमॉन्स्टरसारखं ॲप घाला आणि गच्चीवर, कौलाच्या पाख्यावर, विहिरीच्या कट्ट्यावर, टेकाडावर फिरा. दोन आकडे लिहा: आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, आणि एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत तो किती स्वच्छ आहे. आरएसआरपी -९० च्या वर उत्तम, -१०५ पर्यंत चालेल, -११५ च्या खाली नाद सोडा. पण -९५ ला एसआयएनआर शून्याखाली असेल तर ती रेंज दिसायलाच आहे. दोन टॉवर एकमेकांवर ओरडत असतात. त्यावर उपाय म्हणजे एकाच दिशेला बघणारा अँटेना, उंची नव्हे. उंची वाढवली तर तिसरा टॉवरही ऐकू येईल.

सोबत बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, तोही टिपा. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झ झाडी आणि डोंगराची कड बऱ्यापैकी पार करतात. २३०० आणि २५०० ला समोर मोकळं लागतं, ते ओल्या पानांत मरतात. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० वर मिळतं. म्हणून राउटर घेताना बँड २८ (७०० चा) आहे का ते खोक्यावर वाचा, स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांत तो नसतो. जिओसाठी बँड ५ आणि ४०, एअरटेलसाठी ८ आणि ४० हवेत. बँड ३ सगळ्यांत असतो, त्यावर भुलू नका.

राउटर बाहेर लावायचाच घ्या, ज्यात अँटेना आत असतो आणि घरात फक्त नेटवर्कची वायर येते. घरातल्या राउटरला बाहेरचा अँटेना जोडणारे वायरीवर घालवतात. दहा मीटर साध्या आरजी-५८ वायरीत २३०० मेगाहर्ट्झवर दहाएक डीबी जातात, म्हणजे अँटेनानं मिळवलेलं सगळं. जाड एलएमआर-४०० घेतली तर दोनच जातात, पण तिची किंमत ऐकून माणूस बाहेरचाच राउटर घेतो. मोबाइलचा बूस्टर किंवा रिपीटर मात्र लावू नका. विनापरवाना तो बेकायदा आहे आणि त्याच्या गोंगाटानं टॉवरवरच्या बाकीच्या गावांची रेंज बसते.

सीमेवरची एक खास भानगड: चंदगड, कागलच्या बाजूचा टॉवर महाराष्ट्र सर्कलचा (दूरसंचार विभागाचा), तुमचं सिम कर्नाटकचं. राउटरमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर रेंज भरभरून दिसते आणि नेट मात्र शून्य. ते चालू करा. दर थोड्या वेळानं राउटर या सर्कलमधून त्या सर्कलमध्ये उड्या मारत असेल तर नेटवर्क हातानं निवडून एकावर बांधून टाका.

गावातून वस्तीवर: दोन रेडिओंचा दुवा

गावात फायबर आहे आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या गवळीवाड्यावर काहीच नाही, यासाठी ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ पुरतात. सामान असं: २३ डीबीआयची (झोत एकवटण्याचं माप) डिश असलेले दोन रेडिओ, त्यांचे पीओई अडॅप्टर (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारे), बाहेर टिकणारी काळ्या सालीची शील्डेड कॅट-६ केबल, दोन सर्ज प्रोटेक्टर, दीड इंची जीआय पाइप आणि ताण द्यायला तार. दोन्ही रेडिओ मिळून वीसेक वॅट. हा बँड भारतात २०१८ पासून विनापरवाना खुला आहे, पण ताकदीला मर्यादा आहे. रेडिओत देश भारतच निवडा, म्हणजे मर्यादा आपोआप पाळली जाते.

समोरची डिश दुर्बिणीतून दिसली पाहिजे, पण तेवढं पुरेसं नाही. तीन किलोमीटरच्या दुव्याला मधोमध, दृष्टीच्या रेषेभोवती किमान पावणेचार मीटर मोकळं लागतं. ऊस इथंच फसवतो. लागणीच्या वेळी लावलेला दुवा उत्तम चालतो आणि दसऱ्याच्या सुमारास चार मीटर उंच ऊस मध्ये आला की अर्धा होतो. उंची ठरवताना उसाची पूर्ण वाढ धरा, माडाची तर दहा वर्षांची.

या मापात आकडा किती यायला हवा हेही आधी काढता येतं: ३६ डीबीएम निघाले, वाटेत ११७ गेले, समोरच्या डिशनं २३ मिळवले. उरले -५८. बसवल्यावर -७२ येत असेल तर तुम्ही डिशच्या मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर अडकला आहात. तिथंही सिग्नल कमी-जास्त होताना दिसतो म्हणून माणसाला वाटतं हेच शिखर. डिश डावी-उजवी पूर्ण वीस अंश फिरवा, दोन्हीकडं पडणारा आकडा बघा, मग वर-खाली तसंच. एका वेळी एकाच टोकाला हात लावा. पाऊस या लहरींचं फारसं बिघडवत नाही. पावसाळ्यात दुवा पडतो तो पाइप वाऱ्यानं फिरल्यामुळं किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेल्यामुळं. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं.

२४ व्होल्टचा पीओई आणि ४८ व्होल्टचा पीओई दिसायला सारखेच असतात. २४ च्या रेडिओला ४८ चा लागला तर रेडिओ कायमचा जातो. दोन्हींवर रंगानं खूण करा.

वीज पडण्यापासूनचं संरक्षण हा कंजुषीचा भाग नाही. जांबोटीकडच्या जांभ्या जमिनीत एका सळईनं अर्थिंग होत नाही, माती वीज ओढत नाही. दोन इलेक्ट्रोड तीन मीटर अंतरावर ठोकून एकत्र जोडा आणि रोध १० ओहमच्या आत आणा. पाइप, सर्ज प्रोटेक्टर आणि घराचं अर्थिंग एकमेकांशी जोडलेलं हवं. वेगवेगळं ठेवलं तर फरकाचा दाब राउटरमधून वाट काढतो.

आणि पैशांचं: आपलं घरगुती कनेक्शन दुसऱ्यांना विकता येत नाही. वस्तीला नेट विकायचं असेल तर परवाना असलेल्या सेवादाराच्या नावानं किंवा पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेतून करा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत चहाचा टपरीवालाही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो, फक्त मान्यताप्राप्त कंपनीशी जोडून घ्यावं लागतं.

डिश घ्यायचीच असेल तर

स्टारलिंकला भारतात परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. पैसे देण्याच्या दिवशी आपल्या पिनकोडवर सेवा अधिकृतपणे मिळते का, ते कंपनीकडूनच खात्री करून घ्या. दुबईहून आणलेली किंवा गोव्यात कुणी विकत असलेली डिश घेऊ नका, ती इथं वापरणं बेकायदा आहे.

डिश शाळेवर, अंगणवाडीवर किंवा पंचायतीवर बसवा आणि कंपनीच्या सामूहिक वापराच्या प्लॅनवर घ्या. दहा कुटुंबांनी एक वापरली तर घरटी साडेसात वॅट पडतात, म्हणजे फायबरच्या बरोबरीनं. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला वरचा रेडिओ दुवा जोडा.

जागा निवडताना ॲपमधल्या कॅमेऱ्यानं आकाश फिरून बघा. ढोबळ नियम: डिशपेक्षा झाड जितकं उंच त्याच्या दीडपट अंतर हवं. झाड डिशपेक्षा पंधरा मीटर उंच असेल तर साडेबावीस मीटर. तेवढी जागा नसेल तर डिश उंच करा, झाडाला हात लावू नका. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय बहुतेक झाडं तोडता येत नाहीत, अभयारण्यात तर विषयच नको. शाळेचं मैदान बहुतेक वेळा पुरतं. माकडं डिशवर बसतात, तेव्हा पाइप गुळगुळीत ठेवा आणि फांदीपासून तीन मीटर लांब.

कणकुंबी-आमगावच्या पावसात डिश अधूनमधून बंद पडणारच. तिचा सिग्नल १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झवर येतो आणि मुसळधार पाऊस त्या लहरी शोषतो. दहा मिनिटं थांबा, रीसेट करत बसू नका. रीसेटनंतर उपग्रह पुन्हा शोधण्यात आणखी वेळ जातो. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा: बर्फ वितळवायची हीटिंग बंद, आणि रात्री दहा ते सहा झोपेचं वेळापत्रक चालू. त्यानं महिन्याला १८ युनिटांपर्यंत वाचतात.

लाईट गेल्यावर काय, तेही आताच मोजा. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी सुमारे २०० वॅट-तास हाती देते. ओएनटी आणि एक छोटा स्विच मिळून १५ वॅट, तेरा तास निघतील. डिशवर तीच बॅटरी पावणेतीन तासांत संपते. सोलरचा विचार असेल तर आषाढात दिवसाला दोनच तासांचं पूर्ण ऊन धरा. १५ वॅटच्या साहित्याला २५० वॅटचं पॅनल आणि दोन दिवसांची बॅटरी बसते. ७५ वॅटच्या डिशला सव्वा किलोवॅटचं पॅनल लागतं, तेही बॅटरी दिवसाआड नीट भरेल या भरवशावर. इन्व्हर्टरवरून एसी करून पुन्हा डीसी करण्यात दहा-पंधरा टक्के जातात, शक्य तिथं १२ व्होल्टवरूनच थेट चालवा.

पुढं गावात फायबर आलं तर डिशचं कनेक्शन लगेच बंद करा, नुसतं पडून ठेवू नका. चालू स्थितीतली डिश खाली उतरवून, रस्ता नसलेल्या दुसऱ्या वस्तीच्या शाळेच्या नावावर रीतसर बदलून घ्या. मेलेली लिथियम बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ती फोडतो आणि ती पेटते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बेळगावच्या अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि मृग लागण्याआधी पाइपाचे ताण, क्लॅम्प आणि अर्थिंगचे बोल्ट एकदा पाना लावून आवळून घ्या.